वेगाचा घसारा

महाग वस्तूची किंमत टिकते आणि स्वस्त वस्तूची पडते, असा एक समज समाजात खोलवर रुजलेला आहे. सोन्याचा आणि जमिनीचा अनुभव या समजाला बळकटी देतो. म्हणूनच पैसा असलेला माणूस मोठी खरेदी करताना 'ही गुंतवणूकच आहे' असे स्वतःला पटवून देतो. युरोपातील अतिवेगवान हायब्रिड मोटारींच्या बाजाराने गेल्या काही वर्षांत या समजाला चांगलाच तडा दिला आहे. इटलीच्या फेरारी कंपनीने मे २०१९ मध्ये 'एसएफ९० स्ट्राडाले' ही गाडी जगापुढे ठेवली. पेट्रोलचे इंजिन आणि तीन विद्युत् मोटरी मिळून तिची शक्ती १००० अश्वशक्ती होती. भारतात तिची किंमत साडेसात कोटी रुपये आणि ब्रिटनमध्ये पावणेचार लाख पौंडांच्या वर होती. आज ब्रिटनच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात हीच गाडी तीन लाख पौंडांच्या खाली सहज मिळते. पहिल्या मालकाने निवडलेले रंग, कार्बन तंतूंचे सुटे भाग आणि अन्य सजावट यांवर जे हजारो पौंड वेगळे खर्च केले, त्यांचा तर हिशेबच कोणी विचारीत नाही.

याच कंपनीची, याच तत्त्वावर चालणारी 'लाफेरारी' ही गाडी मात्र सहा वर्षांनी जुनी असूनही मूळ किमतीच्या दुपटीहून अधिक भावाने विकली जाते. दोन्ही गाड्यांवर घोड्याचे तेच चिन्ह आहे. दोन्हींत पेट्रोल आणि वीज यांचा संयोग आहे. नवी गाडी जुनीपेक्षा अधिक शक्तिमान आहे. मग एकीची किंमत वाढते आणि दुसरीची कोसळते, हे कसे? शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या आयुष्यात या गाड्यांचे टायर घेण्याचाही प्रसंग येणार नाही. तेव्हा धनिकांच्या या तोट्याची चर्चा त्याने का करावी, असे कोणी विचारील. परंतु या प्रश्नाच्या उत्तरात किंमत म्हणजे काय, यंत्र म्हातारे कसे होते आणि त्या म्हातारपणाचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, या तिन्ही गोष्टी दडलेल्या आहेत. ज्या बॅटरीमुळे ही किंमत डळमळीत झाली, तीच बॅटरी आता सामान्य माणसाच्या स्कूटरमध्ये येऊन बसली आहे.

वहीतला घसारा आणि बाजारातला घसारा

हिशेबाच्या वहीत घसारा ही अत्यंत शिस्तीची गोष्ट असते. वस्तूच्या आयुष्याची वर्षे ठरवून दरवर्षी सारखी रक्कम कमी करायची, किंवा उरलेल्या किमतीवर ठराविक टक्केवारी लावायची, अशा दोन पद्धती वाणिज्य शाखेचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. आपल्या आयकर नियमांनुसार व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीवर उरलेल्या किमतीच्या १५ टक्के दराने घसारा मिळतो. त्या हिशेबाने शंभर रुपयांची गाडी पाच वर्षांनंतर वहीत सुमारे ४४ रुपयांची राहते. विम्याच्या कोष्टकाचा उतार वेगळा आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५ टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीस ५० टक्के अशी घट धरली जाते. या कोष्टकात आणखी एक बोलका तपशील आहे. अपघातानंतर सुटे भाग बदलताना काचेवर घसारा कापत नाहीत; रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांवर मात्र सरसकट निम्मी रक्कम कापली जाते. बॅटरी ही गाडीचा भाग असली तरी गाडीएवढी टिकणारी नव्हे, हे विमा कंपन्यांनी हायब्रिड गाड्या येण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते.

बाजार मात्र अशा कोष्टकांना बांधलेला नसतो. विक्रेत्याच्या दालनातून बाहेर पडताक्षणी गाडीची किंमत पडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. एका दिवसात गाडी झिजत नाही. तरीही गिऱ्हाईक कमी पैसे देऊ करते. याचे उत्तर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात दिले आणि पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना या कामाचे श्रेय मिळाले. जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन त्यांनी असे दाखवले की गाडीचे खरे गुणदोष विकणाऱ्यास ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. घेणारा साहजिकच सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरून भाव पाडतो. भाव पडला की चांगल्या गाडीचा मालक बाजारातून माघार घेतो, आणि बाजारात वाईट गाड्यांचेच प्रमाण वाढत जाते. थोडक्यात, घसाऱ्याचा एक मोठा भाग झिजेचा नसून अज्ञानाचा असतो. हा मुद्दा ध्यानात ठेवला म्हणजे हायब्रिड गाड्यांचे कोडे उलगडू लागते.

तीन भाग्यवान गाड्या

पेट्रोल आणि वीज यांची जोडी जमवणारी पहिली मोठ्या प्रमाणावरील गाडी टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानात आणली. 'प्रियस'चा हेतू इंधनबचतीचा होता. तिच्याकडे पाहून कोणाच्या हृदयाचे ठोके वाढावेत अशी अपेक्षा नव्हती. २००९ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतींत ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून पुन्हा वेगासाठी वापरण्याची योजना आली आणि काटकसरीचे हे तंत्र वेगाच्या सेवेत रुजू झाले. २०१३ मध्ये त्याची फळे रस्त्यावर दिसली. पोर्शेची '९१८ स्पायडर', मॅक्लारेनची 'पी१' आणि फेरारीची 'लाफेरारी' या तीन गाड्या जवळपास एकाच वेळी आल्या. त्यांची शक्ती अनुक्रमे ८८७, ९१६ आणि ९६३ अश्वशक्ती होती. पोर्शेने ९१८, मॅक्लारेनने ३७५ आणि फेरारीने ४९९ गाड्याच करावयाचे जाहीर केले. फेरारीने पुढे आणखी एक गाडी बांधून इटलीतील भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी लिलावात काढली, तेव्हा डिसेंबर २०१६ मध्ये तिला ७० लाख डॉलर मिळाले. छप्पर उघडणाऱ्या 'अपेर्टा' प्रकाराच्या २१० गाड्या धरल्या, तरी तिन्ही कंपन्यांची बेरीज दोन हजारांच्या आसपासच राहते. जगभरच्या अतिश्रीमंतांच्या संख्येपुढे हा आकडा नगण्य आहे.

या तिन्ही गाड्यांच्या बॅटऱ्याही म्हाताऱ्या होत आहेत. एवढेच नव्हे, तर त्या पहिल्या पिढीतल्या असल्यामुळे आजच्या मानाने मागासलेल्या आहेत. तरीही पोर्शेची ८ लाख ४५ हजार डॉलरांची गाडी आज त्याहून पुष्कळच अधिक किमतीला विकली जाते. संग्राहकाला बॅटरीची चिंता वाटत नाही असे नाही. तथापि दुर्मिळतेचा भाव एवढा मोठा असतो की बॅटरी बदलण्याचा खर्च त्यात बुडून जातो. वाड्याची जागा मोक्याची असली म्हणजे गळके छप्पर कोणी मोजत नाही, त्यातलाच हा प्रकार.

पुढच्या गाड्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. बीएमडब्ल्यूची 'आय८' ही २०१४ ते २०२० या काळात वीस हजारांहून अधिक संख्येने बनली. कार्बन तंतूंचा सांगाडा, पंखांसारखी वर उघडणारी दारे आणि अवघ्या दीड लिटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन, अशी तिची रचना खरोखरच अपूर्व होती. भारतात ती फेब्रुवारी २०१५ मध्ये २ कोटी २९ लाख रुपयांना आली. अमेरिकेत तिची किंमत १ लाख ३६ हजार डॉलरांच्या घरात होती. आज तेथे ती त्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत मिळते. होंडाच्या नव्या 'एनएसएक्स'ची कथा अधिक उद्बोधक आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात बनणाऱ्या या गाडीस गिऱ्हाईक मिळेना, म्हणून नव्या गाडीवरच सवलती द्याव्या लागल्या. २०२१ मध्ये उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली आणि शेवटच्या ३५० विशेष गाड्या हातोहात खपल्या. गाडी पूर्वीचीच होती. 'आता आणखी होणार नाही' एवढी एकच बातमी नवी होती.

मागणीपेक्षा एक गाडी कमी

बाजाराच्या मागणीपेक्षा एक गाडी कमी बनवावी, असे एक धोरण फेरारीचे संस्थापक एंझो फेरारी यांच्या नावाने नेहमी सांगितले जाते. या व्यवहारी शहाणपणाला शास्त्राचा आधारही आहे. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये असा मुद्दा मांडला होता की, टिकाऊ वस्तूच्या मक्तेदार उत्पादकाची खरी स्पर्धा त्याच्या स्वतःच्या उद्याच्या मालाशी असते. आज महाग विकून उद्या तोच माल अधिक संख्येने बाजारात आणणार हे गिऱ्हाइकाला कळले की ते आज थांबते, आणि मक्तेदाराच्या हातून भाव निसटतो. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे आपण अधिक बनवणार नाही असा भरवसा देणे आणि तो पाळणे.

फेरारीने हा भरवसा बराच काळ पाळला. २०१२ मध्ये कंपनीने ७,३१८ गाड्या दिल्या, तेव्हा लुका दि माँतेझेमोलो या तत्कालीन अध्यक्षांनी पुढच्या वर्षी संख्या मुद्दाम सात हजारांखाली आणण्याचे जाहीर केले आणि तसे केलेही. २०१४ मध्ये ते पायउतार झाले. २०१५ च्या ऑक्टोबरात कंपनीचे भाग न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आले. भागधारकांना दरवर्षी वाढ हवी असते. २०१९ मध्ये संख्या दहा हजारांच्या पुढे गेली आणि २०२४ मध्ये ती १३,७५२ झाली; त्यांतील निम्म्याहून किंचित अधिक गाड्या हायब्रिड होत्या. 'एसएफ९०'च्या बाबतीत संख्येची मर्यादा घातलेलीच नव्हती. ज्याला हवी त्याला ती मिळाली, आणि जी वस्तू हवी त्याला मिळते तिची दुर्मिळता आपोआप संपते.

ही गोष्ट कंपनीला कळत नाही असे मुळीच नाही. मर्यादित संख्येच्या गाड्या ती आजही काढते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'एफ८०'च्या केवळ ७९९ गाड्या होणार आहेत. प्रत्येकीची किंमत सुमारे ३६ लाख युरो आहे आणि मागणी पुरवठ्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. अशा गाडीसाठी कोणाची निवड करायची हे कंपनी ठरवते, आणि त्या निवडीत जुन्या, निष्ठावंत गिऱ्हाइकास प्राधान्य असते. परिणामी अनेक धनिक सर्वसाधारण मालिकेतील गाडी तोटा गृहीत धरूनच घेतात. पुढच्या दुर्मिळ गाडीच्या रांगेत उभे राहण्याची ती वर्गणी असते. हा व्यवहार त्यांना परवडतो. ज्याने केवळ हौसेने, कर्ज काढून, 'फेरारीची किंमत कधी पडत नाही' या ऐकीव वचनावर विसंबून गाडी घेतली, त्याला मात्र बाजार दयामाया दाखवीत नाही.

बॅटरीचे वार्धक्य

संख्या हे एक कारण झाले. दुसरे कारण यंत्राच्या स्वभावात आहे. पेट्रोलचे इंजिन झिजते ते बहुधा वापराने. पिस्टनच्या कड्या आणि बेअरिंगे बदलता येतात. निष्णात कारागीर लेथवर नवा भाग कातून देऊ शकतो. म्हणूनच साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गाड्या आजही रस्त्यावर धावतात. लिथियम बॅटरी वापराने म्हातारी होते आणि नुसती ठेवल्यानेही होते. उष्णतेत पूर्ण भारित अवस्थेत ठेवली तर तिची क्षमता लवकर घटते; पूर्ण उतरू दिली तर घटांना कायमची इजा पोहोचू शकते. अशा गाड्या तर वर्षातील बहुतेक दिवस गॅरेजात झाकून ठेवलेल्या असतात. कमी चालवली म्हणून गाडीची किंमत अधिक, हा जुन्या बाजाराचा नियम येथे अर्धाच खरा ठरतो. कारण चालवली नाही तरी बॅटरीचे वय वाढतच असते.

त्यात या बॅटऱ्या आकाराने लहान आणि कामाने अवजड असतात. 'एसएफ९०'ची बॅटरी ७.९ किलोवॅट-तासांची आहे; म्हणजे भारतीय रस्त्यांवरील दोन-तीन विद्युत् स्कूटरींच्या बॅटऱ्या एकत्र केल्या की तेवढी साठवण होते. तेवढ्यावर केवळ विजेने ही गाडी २५ किलोमीटर जाते. पण वेग घेताना तिच्या मोटरींनी २२० अश्वशक्ती द्यावी अशी अपेक्षा असते. मॅक्लारेनची 'आर्टुरा' आणि फेरारीची '२९६ जीटीबी' यांच्या बॅटऱ्याही साधारण साडेसात किलोवॅट-तासांच्याच आहेत. या बॅटऱ्या एकमेकींत बसत नाहीत, त्या गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत, आणि त्यांवर देखरेख करणारी संगणकीय आज्ञावली कंपनीच्या परवानगीवाचून कोणाला उघडताही येत नाही. वीस वर्षांनंतर ती बॅटरी कोण बनवून देणार, हा प्रश्न खरेदीदाराच्या मनात घर करून बसतो. त्याचे उत्तर नसल्यामुळे तो वाईटात वाईट धरून चालतो आणि भाव पाडतो. अकरलॉफ यांच्या निबंधातील खरेदीदार हाच.

फेरारीने २०२४ मध्ये या प्रश्नाचे एक उत्तर दिले. वार्षिक शुल्क भरणाऱ्या मालकास बॅटरीची हमी चालू ठेवायची आणि आठव्या व सोळाव्या वर्षी बॅटरी बदलून द्यायची, अशी ती योजना आहे. शुल्क वर्षाला सुमारे सात हजार युरो, म्हणजे आपल्या हिशेबाने सहा-सात लाख रुपये आहे. योजना प्रामाणिक आहे. तिच्यामुळे पुनर्विक्रीच्या भावास आधारही मिळेल. परंतु तिचा दुसरा अर्थही उघड आहे. गाडीची मालकी आता एकदा पैसे देऊन संपत नाही. किंमत टिकवायची तर दरवर्षी कंपनीला भाडे भरावे लागते. विकत घेतलेल्या घराचे भाडे द्यावे, तसे हे झाले. शिवाय या भाड्याने उद्याची बॅटरी मिळेल, आजचा भाव परत मिळेल असे नव्हे.

तिसरे कारण म्हणजे शक्तीच स्वस्त झाली आहे. एक हजार अश्वशक्ती हा आकडा २०१३ मध्ये स्वप्नवत होता. २०२१ मध्ये टेस्लाने चार दारांची एक कुटुंबाची गाडी १,०२० अश्वशक्तीची म्हणून १ लाख ३० हजार डॉलरांत विकायला काढली. २०२५ मध्ये चीनमधील शाओमी या दूरध्वनी बनवणाऱ्या कंपनीने दीड हजारांहून अधिक अश्वशक्तीची गाडी ५ लाख ३० हजार युआनांत दिली. ही रक्कम फेरारीच्या किमतीच्या एका लहानशा अंशाएवढी आहे. जो आकडा मिरवण्यासाठी धनिकाने कोट्यवधी मोजले, तो आकडा शेजाऱ्याच्या साध्या गाडीवर दिसू लागला की मिरवणूक संपते. फेरारीनेच सप्टेंबर २०२५ मध्ये १०५० अश्वशक्तीची '८४९ टेस्टारोसा' आणून 'एसएफ९०'ला अधिकृतपणे जुने ठरवले. नव्याचे नऊ दिवस असतात हे खरे. तंत्राच्या शर्यतीत तेही पुरे नऊ मिळत नाहीत.

याउलट जे तंत्र स्पर्धेतून बाहेर पडले आहे ते म्हातारे होत नाही. १९९० च्या दशकात ५ लाख ४० हजार पौंडांना मिळणारी 'मॅक्लारेन एफ१' ही गाडी ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात २ कोटी डॉलरांहून अधिक किमतीला गेली. तिच्यात बॅटरीवर चालणारी मोटर नाही, गिअर हाताने बदलावे लागतात, आणि सर्व मिळून १०६ गाड्याच झाल्या. क्रोएशियाचे मेट रिमॅक हे स्वतः विजेच्या अतिवेगवान गाड्या बनवतात. तरीही त्यांनी २०२४ मध्ये मोकळेपणाने कबूल केले की श्रीमंत गिऱ्हाइकास अशा गाड्या नको आहेत. संगणकीय घड्याळ अधिक कामे करते, पण लाखो रुपये लोक देतात ते काट्यांच्या यांत्रिक घड्याळासाठी, असा दाखला त्यांनी दिला. त्यांच्याच नेतृत्वाखाली बुगाटीने त्या वर्षी 'तूर्बियाँ' ही हायब्रिड गाडी जाहीर केली, तेव्हा चालकासमोरचा फलक स्विस घड्याळाच्या कारागिरीने घडवून घेतला. दहा वर्षांनी पडदा जुनाट दिसेल, काटे दिसणार नाहीत, हा त्यामागचा हिशेब आहे.

तोटा कोणाचा, धडा कोणाला

या गाड्यांना वीज जोडण्याचे कारण केवळ वेगाचे नव्हते. युरोपीय संघाने नव्या गाड्यांच्या सरासरी उत्सर्जनावर घातलेली मर्यादा आणि शहरांतील प्रदूषणाचे नियम यांचाही त्यात वाटा आहे. लहान उत्पादकांना सवलती मिळाल्या तरी वारे कोणत्या दिशेने वाहते हे सर्वांना दिसत होते. नवे तंत्र आधी महाग गाडीत येते, तेथे त्याची परीक्षा होते आणि मग ते स्वस्त होऊन सर्वांपर्यंत पोहोचते, हा मोटारींच्या इतिहासाचा क्रम आहे. या दृष्टीने पाहिले तर धनिकांचा तोटा हा समाजाला फुकटात मिळालेला प्रयोग ठरतो, आणि त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. भारतात तर चाळीस हजार डॉलरांहून महाग आयात गाडीवरील एकूण सीमाशुल्क २०२५ च्या अर्थसंकल्पानंतरही ११० टक्क्यांच्या घरातच ठेवले गेले, आणि महाराष्ट्राने त्याच वर्षी मोटार वाहन कराची कमाल मर्यादा वीस लाखांवरून तीस लाख रुपयांवर नेली. एवढा कर भरून घेतलेल्या गाडीचा भाव नंतर पडला, तर सरकारच्या तिजोरीत गेलेला पैसा परत येत नाही, हे घेणाऱ्याने आधीच जाणलेले बरे.

मात्र या प्रयोगाचा निष्कर्ष सामान्य माणसाच्या उपयोगाचा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. भारतात आता वर्षाला दहा लाखांहून अधिक विद्युत् दुचाकी विकल्या जातात. त्या घेणाऱ्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, नोकरीला नुकतेच लागलेले तरुण आहेत. यांतील पुष्कळ खरेदी हप्त्यांवर होते. या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीचा असतो. पाच-सहा वर्षांनी ती विकायला काढली म्हणजे घेणारा पहिला प्रश्न विचारणार तो बॅटरीच्या प्रकृतीचा. आणि त्याचे विश्वासार्ह उत्तर देण्याची सोय विकणाऱ्याकडे नसली, तर चांगली जपलेली गाडीही भंगाराच्या भावाने जाईल. फेरारीच्या मालकाला तोटा सोसता येतो, कारण त्याच्याकडे आणखी गाड्या असतात. कारकुनाची ती एकच गाडी असते, आणि तिच्या पुनर्विक्रीतून येणाऱ्या पैशावर पुढची गाडी अवलंबून असते. जुन्या गाडीला भाव नसला की बँकही नव्या गाडीला कर्ज देताना हात आखडता घेते.

या बाबतीत जगात काही पावले पडली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली मार्च २०२२ मध्ये वाहनांच्या बॅटऱ्यांच्या टिकाऊपणाचा एक जागतिक नियम मान्य झाला. मोटारीच्या बॅटरीत पाच वर्षांनंतर किंवा एक लाख किलोमीटरनंतर ८० टक्के आणि आठ वर्षांनंतर किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरनंतर ७० टक्के क्षमता शिल्लक असावी, असा तो दंडक आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून प्रत्येक विद्युत् वाहनाच्या बॅटरीस स्वतःचा 'पारपत्र' दस्तऐवज द्यावा लागेल. बॅटरी कोणी बनवली, तीत काय आहे आणि तिची प्रकृती कशी आहे, याची नोंद त्यात राहील. आपल्याकडे २०२२ मध्ये बॅटरीच्या कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे संकेतस्थळ केंद्र सरकारने सुरू केले. दोन्ही उपक्रम स्वागतार्ह आहेत. परंतु २०१५ पासून २०२४ पर्यंत विद्युत् वाहनांसाठी ज्या अनुदान योजना आल्या, त्यांचा मुख्य रोख नवी गाडी विकली जावी यावर राहिला. विकल्या गेलेल्या गाडीचे दहा वर्षांनी काय होणार, याचा विचार अनुदानाच्या हिशेबात सहसा बसत नाही.

तो विचार आता करावयास हवा. बॅटरीची उरलेली क्षमता मालकाला, आणि त्याच्या संमतीने खरेदीदारालाही, कंपनीच्या मध्यस्थीवाचून वाचता यावी, अशी सक्ती असली पाहिजे. मॉडेल बंद झाल्यानंतरही ठराविक वर्षे बॅटरी आणि तिचे भाग पुरवण्याचे बंधन उत्पादकावर असावे. कंपनीच बंद पडली तर दुरुस्तीची माहिती अन्य कारागिरांना खुली व्हावी. बॅटरीची हमी गाडीबरोबर दुसऱ्या मालकाकडे विनासायास गेली पाहिजे. प्रादेशिक परिवहन कार्यालयात मालकी हस्तांतराच्या वेळी बॅटरीच्या तपासणीचा दाखला जोडण्याची पद्धत पडली, तर फसवणुकीला पुष्कळच आळा बसेल. यांतील कोणत्याही उपायास सरकारी तिजोरीतून फारसा पैसा लागणार नाही. लागेल ती उत्पादकांना चार गोष्टी ठणकावून सांगण्याची इच्छाशक्ती.

किंमत ही वस्तूत भरलेली नसते. ती वस्तूविषयीच्या विश्वासात असते. लाफेरारीचा विश्वास तिच्या ४९९ या आकड्यातून आला. एसएफ९०ला तो टिकवता आला नाही, कारण ती किती होणार आणि किती टिकणार, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे गिऱ्हाइकाला मिळाली नाहीत. साध्या माणसाच्या गाडीला दुर्मिळतेचा आधार कधीच मिळणार नाही; ती लाखोंनी बनावी आणि स्वस्त व्हावी यातच समाजाचे हित आहे. तेव्हा तिची किंमत टिकवण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे खऱ्या माहितीचा आणि दुरुस्तीच्या खात्रीचा. श्रीमंतांच्या गॅरेजात उभ्या असलेल्या या झळाळत्या गाड्यांनी हा धडा पुरेशा आधी आणि पुरेशा मोठ्या आवाजात शिकवला आहे. धोरण ठरवणाऱ्यांनी तो ऐकला नाही, तर पुढच्या घसाऱ्याचे पैसे ज्यांना तो मुळीच परवडत नाही त्यांच्या खिशातून जातील.